चार बोटे अधांतरी

शके एकोणीसशे एकोणीस, मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष. इंग्रजी गणनेने १९९७ सालच्या डिसेंबरचा पहिला आठवडा. स्थळ : मुरबाड तालुक्यातील धसई गाव, बाजारपेठेच्या टोकाला असलेली लडकूशेठ यांची दुधाची शेड. सकाळचे दूध मुरबाडच्या शीतकेंद्राकडे रवाना झाल्यावर, उन्हाला पाठ देऊन बसलेल्या मंडळींसमोर पुढील प्रश्न विचारार्थ मांडण्यात आला : ज्याची उंची चार फूट अकरा इंच आहे अशा माणसाने चार मणांहून अधिक वजनाची बुलेट मोटारसायकल, तिच्यावर दुधाचे चार भरलेले कॅन लादून, सुरक्षितपणे चालवणे शक्य आहे काय?

प्रश्न इतका नेटका कोणीच मांडला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रत्यक्षात लडकूशेठ एवढेच म्हणाले होते, "नामा, तुझा टाळका टाकीच्या वर येतो का, ते आदी बघ." परंतु विनोदाच्या पोटात जो प्रश्न दडलेला असतो तो बाहेर काढून स्वच्छ करून ठेवल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही, आणि या प्रश्नाच्या उत्तरावर एका माणसाची भाकरी अवलंबून होती.

तो माणूस नामा. वय चौतीस. धसईच्या आसपासच्या तीन पाड्यांचे दूध तो गेली नऊ वर्षे सायकलवरून शेडवर आणीत असे. दूरचे पाडे बुलेटवर होते. बुलेट लडकूशेठची, ती चालवणारा प्रणित नावाचा धिप्पाड गडी दिवाळीनंतर भातसानगरला धरणावर नोकरीस लागला आणि गाडी शेडच्या कोपऱ्यात धूळ खात उभी राहिली. तात्पुरती जीप भाड्याने घेऊन काम चालले होते. पण जीप म्हणजे सशाच्या शिकारीला हत्ती. तेव्हा लडकूशेठनी ठरवले, की सायकलचा फेरा कायमचा बंद करायचा, सातही पाड्यांचे दूध बुलेटनेच गोळा करून परस्पर मुरबाडला न्यायचे, आणि हे काम एकाच माणसाला द्यायचे. म्हणजे बुलेट मिळाली तर सातही पाडे नामाचे. न मिळाली तर होते ते तीनही गेले. मधला मार्ग नव्हता.

दुसरा उमेदवार सुरज. लडकूशेठचा सख्खा भाचा. वय तेवीस, उंची सहा फुटांना एक इंच कमी. या एका इंचाविषयी त्याला खरोखर खेद वाटत असे.

"मामा, उगाच कशाला वेळ घालवता?" सुरज म्हणाला. "नामादादा गाडीवर बसला का लांबून गाडी एकटीच चाललीय असा वाटंल. लोका भुताची गाडी म्हणून पळतील. दूध कोण घालील मंग?"

मंडळी हसली. नामाही हसला, नऊ वर्षांत त्याने आपल्या उंचीवरचे सगळे विनोद ऐकले होते आणि त्यांतील नवे कोणते, जुने कोणते, हे तो अचूक सांगू शकत असे. हा नवा होता.

लडकूशेठ मात्र न्यायाला कडक. त्यांनी नामाला स्टँडवरून काढलेल्या गाडीवर बसवले, दोघांना दोन बाजूंनी गाडी धरायला लावली आणि कॅनमधील दुधाची खोली मोजायची लाकडी पट्टी घेऊन स्वतः खाली वाकले. नामाने पाय ताणले, अंगठे रोखले, श्वासही रोखला. तरी डावा पाय जमिनीपासून चार बोटे वर राहिला आणि उजवाही तेवढाच.

"चार बोटा," लडकूशेठनी जाहीर केले. "दोनी बाजूंनी. निदान पाय तरी सारखे हायत तुझे."

"शेठ, मी ठाण्याला जाऊन लायसन काढलाय," नामा वरूनच म्हणाला. "फारमात वय इचारला, पत्ता इचारला, अंगावरची खूण इचारली. उंची कुठंच इचारली नाय. सरकारला चालतो तर तुमाला का नाय?"

"सरकारचा दूध सांडत नाय, नामा. माझा सांडतो."

"बरा, घोड्यावर बसलेल्याचे पाय कुठं भुईला लागतात? तरी लोका लढाया करून आली."

"घोड्याला सोताचे चार पाय असतात. हिला दोन चाका हायत, आन् ती पन एकामागं एक."

दोन्ही युक्तिवाद खोट काढण्याजोगे नव्हते, म्हणूनच वाद मिटेना. नामाचे म्हणणे असे, की गाडी चालत असताना पायाचा उपयोग नसतो. चालत्या बुलेटवर बुटका आणि उंच हा भेदच उरत नाही. लडकूशेठचे म्हणणे असे, की गाडी कधीतरी थांबतेच, आणि सगळी गंमत तिथेच आहे. बारकाईने पाहिले तर दोघे एकच गोष्ट सांगत होते; परंतु तसे पाहण्याची सवड वादात कोणाला असते?

अखेर परीक्षा ठरली. शनिवारी सुरजने आणि रविवारी नामाने सातही पाड्यांवरून खरे दूध गोळा करून मुरबाडला न्यायचे. तोवर दोघांनी दुपारच्या वेळी आळीपाळीने गाडी घेऊन सराव करावा. अटी दोन : गाडी पडता कामा नये, आणि दूध वेळेत पोहोचले पाहिजे. लडकूशेठ जीपमधून मागे राहतील. आणि निकाल द्यायचा बाईजाबाईंनी. बाईजाबाई म्हणजे लडकूशेठच्या आई. सत्तरी ओलांडलेली ही बाई रोज पहाटे शेडमध्ये बसून स्वतःच्या हाताने दूध मापून घेई. एवढा वेळ ती माप पुसत बसली होती. तिने मान वर न करता एवढेच विचारले, "पाणी भरून परीक्षा का नाय घेत रे?"

"आये, दूधच बरा. खऱ्याला खरा."

"मंग सांडला तर रडू नको," असे म्हणून तिने माप पालथे घातले.

पहिल्याच दुपारी नामाने सरावासाठी गाडी आपल्या खळ्यावर नेली. भात झोडून झालेले होते, खळे सारवून कोरडे झालेले, सभोवती पेंढ्याची उडवी. पडले तर मऊ पडावे, असा त्याचा दूरदर्शी विचार. गाडी सुरू करणे त्याला अवघड गेले नाही. बुलेटची कीक ताकदीची नव्हे, दमाची असते. डबल स्टँडवर गाडी उभी असताना तो कीकवर पूर्ण उभा राही, बॅटरीच्या मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत वाट पाही आणि मग अख्खे शरीर खाली सोडी. दुसऱ्या कीकला इंजिन बोलू लागे. खळ्याभोवती त्याने पाच फेऱ्या झकास मारल्या. सहाव्या फेरीला थांबावेसे वाटले, आणि तिथेच लडकूशेठचा मुद्दा सिद्ध झाला. उजवा पाय हवेत जमीन शोधत राहिला, गाडी कलली, नामाने ती दोन्ही हातांनी धरून ठेवण्याचा प्रयत्न केला आणि गाडीने त्याला आदबीने आपल्याबरोबर खाली नेले.

घरातून त्याची बायको भिमी बाहेर आली. भिमी नवऱ्याहून वीतभर उंच. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा पलीकडे नवरा आहे की नाही, अशी शंका वऱ्हाडाने मोठ्याने बोलून दाखवली होती, आणि ती आजतागायत सणासुदीला पुन्हा काढली जाई.

"लागला का?" तिने विचारले.

"नाय गो."

"मंग उठा. खळा कालच सारवलेला."

नामा उठला. गाडीसमोर उभा राहून, कमरेत वाकून, हँडल ओढू लागला. एकदा ओढले, दोनदा ओढले. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून भिमीला हसू आवरेना.

"अवो, भारा कोन पोटानं उचलतो काय? पाठ द्या तिला."

"ही मोटारसायकल हाय, गवताचा भारा नाय."

"वजनाला काय ठावं, आपून कोन हाय ते? सरका."

भिमीचे माहेर शहापूर तालुक्यातले, डोळखांबच्याही पलीकडच्या डोंगरातला एक पाडा. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचे गवत कापायचे, त्याचे भारे बांधायचे आणि डोक्यावरून तीन कोस खाली, शहापूरच्या सडकेला गवताच्या गाठी बांधणाऱ्या व्यापाऱ्याकडे आणून टाकायचे, हे काम तिने बाराव्या वर्षापासून लग्नापर्यंत केले होते. ती आडव्या गाडीकडे पाठ करून उभी राहिली, गुडघे मोडून सीटच्या कडेला टेकली, एक हात हँडलवर आणि एक मागच्या लोखंडी चौकटीवर ठेवला आणि मागच्या मागे, मुंगीची पावले टाकीत, मांड्यांच्या बळावर सरकू लागली. कोणी वडीलधाऱ्याने हाक मारावी तशी गाडी निमूटपणे उभी राहिली.

नामा पाहतच राहिला. मग त्याने हात जोडून विचारावे तसे विचारले, "आनि पडायच्या आदी काय करायचा?"

त्या संध्याकाळपर्यंत भिमीने त्याला जे सांगितले, त्यात मोटारसायकलविषयी एक अक्षर नव्हते. तिने आयुष्यात गाडीची किल्लीही हातात धरली नव्हती. तिने भाऱ्याविषयी सांगितले. भारा डोक्यावर सरळ आहे तोवर त्याला वजन नसते. तो कलला, की मग मान राहत नाही. म्हणून त्याला कलूच द्यायचे नाही. आणि तरीही कललाच, तर त्याला मिठी मारायची नाही. बाई चटकन बाजूला होते आणि भारा पडू देते. "भारा परत बांधता येतो. मान नाय बांधता येत."

"आनि थांबायचा झाला तर?"

"भारा डोक्यावर घ्यायच्या आदीच आमी बघायचो, उतरवायचा कुठं ते. वाटंत मधीच कोन थांबंल? एकटीला भारा खाली ठेवता येत नाय आन् परत उचलता येत नाय. म्हणून तर धोंडे असतात."

हे धोंडे त्या मुलखात सर्वांच्या ओळखीचे असतात. डोंगरवाटांच्या कडेला, ठरावीक अंतरावर, दोन दगडांची जोडी रोवलेली असते : एक उभा, बाईच्या छातीइतका, ज्यावर डोक्यावरचा भारा न वाकता टेकवता येतो, आणि त्याच्या पायाशी एक बैठा, सपाट, वीतभर उंचीचा, ज्यावर भारा उतरवलेल्या बाईने टेकावे. कोणी रोवले हे कोणी सांगू शकत नाही. ते कोणी हलवत नाही, एवढे मात्र सर्वांना ठाऊक असते. निदान तसा समज होता.

दुसऱ्या दिवशी नामा आणि भिमी सातही पाड्यांची वाट पायी चालून आली. चार ठिकाणी सडकेच्या डाव्या अंगाला धोंड्यांची जोडी सापडली, तीन ठिकाणी शेताचे उंच बांध. बैठ्या धोंड्यावर डावा पाय ठेवला, की ती चार बोटे भरून निघत आणि वर थोडे शिल्लक उरे. नामाने प्रत्येक जागा मनात घोकून ठेवली. शेवटच्या, म्हणजे ऐनाच्या पाड्यावरचा बैठा धोंडा तर इतका गुळगुळीत आणि ऐसपैस होता, की त्यावर बसून दोघांनी भाकरी खाल्ली. आपल्या पाळीच्या राहिलेल्या दुपारी खळ्यावर नामाने एकच गोष्ट घटवली : थांबताना सीटवर डावीकडे सरकायचे, पुढचा ब्रेक हातात आवळायचा, आणि गाडी सरळ ठेवून एकच पाय पूर्ण टेकवायचा. दोन पाय टेकवायच्या नादात दोन्ही हवेत राहतात. एक टेकवला तर एक तरी जमिनीवर असतो. यातील तर्कशास्त्र निर्दोष आहे.

शनिवारी सुरज निघाला. नव्याने इस्त्री केलेला शर्ट, काळा चष्मा, नवव्या कीकला सुरू झालेली गाडी. चालवली मात्र त्याने डौलात. खोटे का बोला? जिथे कोणी हाक मारील तिथे तो थांबे, दोन्ही पाय ऐसपैस पसरून उभा राही आणि कॅनचे झाकण लावता लावता दोन गोष्टीही करी. ज्याचे पाय कुठेही टेकतात तो जागा कशाला निवडील? पाचव्या पाड्याच्या वळणावर एका म्हातारीने शेतातूनच हात केला आणि सुरज होता तिथे, सडकेच्या उतरत्या कडेला, थांबला. कडेला गवत होते, गवताखाली पाण्याने खणलेला चर होता. डावा पाय गवतात गेला आणि जातच राहिला. त्याने आपल्या ताकदीनिशी गाडीला मिठी मारली. मिठीचे फळ असे, की गाडी पडली ती पडलीच, वर त्याची कंबर लचकली. दोन कॅनची झाकणे उडाली. दूध चरातून वाहत थेट म्हातारीच्या शेतात गेले. मागून जीप आली. कॅन लटकलेले तसेच ठेवून, वाटेवरचे दोघे हाताशी धरून, चौघांनी गाडी उचलण्याचा यत्न केला, तो दोनदा फसला, आणि शीतकेंद्राची वेळ टळली.

"पडली," जीपमधून बाईजाबाई म्हणाल्या. त्यांनी याहून अधिक काही म्हटले नाही. लडकूशेठनीही म्हटले नाही. कारण रडू नको, असे त्यांना आधीच बजावण्यात आले होते.

मुरबाडहून परतताना त्यांनी बराच वेळ विचार केला. भाचा पडला याचा अर्थ नामा पडणार नाही, असा होत नाही. एक नापास झाल्याने दुसरा आपोआप पास होत नसतो. तथापि न्याय दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. नामाला गाडीवर चढायला त्रास होतो, ही गोष्ट त्यांच्या लक्षात होती. शिवाय एक चांगली थट्टा मनात आली होती. वाटेत एके ठिकाणी, आई शेजारी गाढ झोपलेली असताना, त्यांनी जीप थांबवली, ड्रायव्हरच्या मदतीने एक दगड उखडून गाडीत घातला, आणि संध्याकाळी शेडच्या दारात, जिथे बुलेट उभी राहते तिथे, तो नीट बसवून धुऊन काढला.

रविवारी पहाटे नामा आणि भिमी आली तेव्हा लडकूशेठ कमरेवर हात ठेवून उभे होते.

"घे नामा. तुझ्यासाठी पायरी. नवरदेवासारखा चढ. उद्या कोन म्हणायला नको, लडकूशेठनं अन्याय केला."

नामा हसून पायरीवर चढला. भिमीने त्या दगडाकडे एकदा पाहिले, पुन्हा एकदा पाहिले. पण अजून पुरते उजाडले नव्हते; ती जीपकडे वळली.

सुरजही आला होता, कमरेला आईच्या जुन्या लुगड्याचा पदर गुंडाळून. नामाने कॅनच्या तोंडात भाताचा पेंढा दाबून बसवला होता आणि वरून झाकणे पेंढ्याच्याच पिळलेल्या दोरीने आवळून बांधली होती. ते पाहून सुरज म्हणाला, "काय रे नामादादा, कॅनला मुंडावळ्या बांधल्यास? लगीन हाय का कुनाचा?"

"पडली तर सांडू नये म्हणून."

"बघा!" लडकूशेठ उसळले. "पडनार हे तुलाच कबूल हाय!"

"पडंल का नाय ते तिलाच ठावं, शेठ. सांडू नये येवढा माझ्या हातात हाय."

लडकूशेठ जीपमध्ये बसले. शेजारी बाईजाबाई, मागे भिमी. दुसऱ्या कीकला बुलेट बोलली.

पहिले दोन पाडे सुरळीत झाले. नामा येई, डावीकडे सरके, एक पाय धोंड्यावर किंवा बांधावर ठेवी, मग उतरून गाडी डबल स्टँडवर चढवी आणि दूध घेई. ना डौल, ना गोष्टी. दुसऱ्या नि तिसऱ्या पाड्याच्या मध्ये, मोकळ्या सडकेवर, लडकूशेठनी एकाएकी जीपमधून डोके बाहेर काढले आणि ओरडले, "नामा, थांब!"

नामाने एक हात वर केला, मान हलवली आणि तसाच पुढे गेला. चारशे पावलांवर तिसऱ्या पाड्याचा बांध आला तेव्हा तो थांबला.

"थांब म्हटला तर थांबला नायस!" लडकूशेठ जीपमधून उतरत म्हणाले.

"थांबलो ना, शेठ."

"कुठं?"

"थांबायच्या जागी."

"आनि उद्या म्हस आडवी आली तर? ती तुझा बांध बघून येनार हाय काय?"

आक्षेप बिनतोड होता, हे मान्य केलेच पाहिजे. नामा कॅनकडे वळला. मागच्या सीटवरून भिमी मात्र म्हणाली, "म्हस येल तवा बघू. शेठची हाक म्हंजे म्हस नाय."

बाईजाबाईंनी पदर तोंडाला लावला. लडकूशेठ जीपमध्ये येऊन बसले, आणि दार आवश्यकतेपेक्षा जोरात लागले.

म्हैस आली नाही. गवताची बैलगाडी आली. चौथा पाडा सोडल्यावर अरुंद सडकेवर एका गाडीचे चाक निखळून ती आडवी बसली होती. दोन्हीकडे खोल शेत. बांध नाही, धोंडा नाही, मागे वळायला जागा नाही. नामाने वेग आधीच कमी केला होता. तो डावीकडे इतका सरकला, की एका मांडीवर उरला. उजवा पाय गाडीवर आणि डावा पाय सरळ, खुंटीसारखा, डांबरावर रोवला गेला. गाडी कलली नाही. भाऱ्याखालच्या मानेसारखा तो ताठ उभा राहिला. चाक बसवून बैलगाडी बाजूला होईपर्यंत चांगला पाव तास गेला. मधल्या वेळात त्याने फक्त एकदा नाक पुसले.

"लडक्या," बाईजाबाई समोर पाहत म्हणाल्या, "ही म्हस चालंल का?"

लडकूशेठनी चालेल असे म्हटले नाही. पण चालणार नाही असेही म्हटले नाही.

पाचवा झाला, सहावा झाला. राहिला ऐनाचा पाडा, जिथल्या धोंड्यावर भाकरी खाल्ली होती तो. उन्हे वर आली होती, चारही कॅन भरत आले होते, आणि नामाच्या मनात पहिल्यांदाच किंचित समाधान उतरले. उभा धोंडा लांबूनच दिसला. त्याच्या सरळ रेषेत गाडी आणून, डावीकडे सरकून, न पाहता, नामाने सवयीने बैठ्या धोंड्यावर पाय टाकला. तिथे धोंडा नव्हता. तिथे धोंड्याच्या आकाराचा खड्डा होता.

गाडी गेली. नामाने मिठी मारली नाही. हँडल सोडले, एक उडी बाजूला टाकली आणि चार मणांची ती वस्तू चार कॅनांसह आडवी होताना दोन हातांवरून पाहिली.

"पडली!" लडकूशेठ ओरडले. त्या ओरडण्यात दुष्टावा नव्हता. केवळ आपला युक्तिवाद जिवंत सापडल्याचा आनंद होता. "आये, पडली! बघितलास ना?"

"बघते हाय," बाईजाबाई म्हणाल्या. "कोनी उतरू नका."

नामाने आधी किल्ली बंद केली. मग चारही कॅन कड्यांतून सोडवून एकेक बाजूला उभे केले. झाकणे जागच्या जागी होती. पेंढा कडेला ओला झाला होता, एवढेच. मग त्याने गाडीकडे पाठ केली, गुडघे मोडले, सीटला टेकला आणि मुंगीची पावले टाकू लागला. तिसऱ्या पावलाला त्याचा चेहरा लाल झाला. सहाव्याला गाडी उभी होती. त्याने ती स्टँडवर चढवली, कॅन अडकवले, पाड्यावरचे दूध घेतले, आणि कीकवर उभा राहिला. दुसऱ्या कीकला बुलेट बोलली. हे सगळे होईपर्यंत जीपमधून बाहेर आलेले लडकूशेठचे बोट तसेच ताणलेले होते.

बाईजाबाई मात्र आता उतरल्या. त्या खड्ड्यापाशी गेल्या, उभ्या धोंड्यावर हात ठेवून खाली पाहिले. तरुणपणी त्यांनीही डोक्यावर गवत वाहिले होते.

"हितला बैठा धोंडा कुठं गेला रे?"

ड्रायव्हरला एकाएकी खोकला आला. भिमी म्हणाली, "सकाळीच मला वाटला, दारातली पायरी वळखीची हाय."

"नुसताच पडला होता तो," लडकूशेठ हळूच म्हणाले. "उभा हाय ना जाग्यावर! भारा तर उभ्यावरच ठेवतात."

"आनि भारा उतरवून बाय काय उभीच ऱ्हाईल?"

"आये, नामासाठीच नेला. पायरी म्हणून."

"नामासाठीच होता तो हितं," बाईजाबाई म्हणाल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. "चला. आदी दूध पोचू दे."

दूध पोहोचले. शीतकेंद्राच्या माणसाने चारही कॅन उघडले, नाक लावले, पेंढ्याकडे पाहून एक भुवई उंचावली आणि ते ओतून घेतले. वेळ व्हायला अजून दहा मिनिटे होती. फाटकाबाहेर सर्वजण बाईजाबाईंभोवती गोळा झाले. नामा गाडीला टेकून उभा होता. भिमी त्याच्या शेजारी, नेहमीप्रमाणे वीतभर वर.

लडकूशेठनी शेवटचा प्रयत्न केला. "आये, धोंडा कोनी नेला हा प्रश्न येगळा. चूक माझी, मी कबूल करतो. पन अट काय होती? गाडी पडू नये. पडली का नाय पडली?"

"पडली."

"मंग?"

बाईजाबाईंनी पदर खोचला, आणि दुधाचे माप सांगावे तशा आवाजात सांगितले :

"पडले दोघं. उठवली एकानं, आनि दूध पोचला एकाचा. उद्यापासून गाडी नामाची. आनि तू, लडक्या, सांज व्हायच्या आत धोंडा जाग्यावर नेऊन ठेव."